सुभेदाराचे पाय

थंडी पडायला लागली की लोकांना हुरडा आठवतो, गोधडी आठवते, लग्नाच्या तिथी आठवतात. मला एका तट्टाचे पाय आठवतात. गुडघ्याखाली पांढरेशुभ्र असायला हवेत असे, प्रत्यक्षात चिखलाने लडबडलेले, आणि कुणी हात लावायला वाकलं की जमिनीवर नसलेले.

आमच्या नागपूरच्या गल्लीच्या तोंडाशी एक केशकर्तनालय आहे. दिवाळी उलटली, सकाळी तोंडातून वाफ निघायला लागली, की मी भाजीची पिशवी घेऊन त्याच्या दाराशी उगाच रेंगाळते. आत विजेची मशीन भुंग्यासारखी गुणगुणत असते. एकदा दुकानदाराने अदबीने विचारलं, "बाई, कुणाला बोलवायचं आहे का?" मी म्हटलं, "नाही हो, ऐकते आहे." तेव्हापासून मी दारात दिसले की तो गिऱ्हाइकाची मान जरा घट्ट धरतो. पन्नाशी ओलांडलेल्या बाईने हे असलं करू नये, हे मला कळतं. पण ती मशीन आहे विजेची. तिचा आवाज फार सुखवस्तू आहे. मला हवी असते हाताने दाबायची मशीन, तिची ती कुरकुर, आणि तिच्या जोडीने एका घोड्याचं फुरफुरणं.

तेव्हा चंद्रपूरला चांदा म्हणत आणि गडचिरोली त्याच जिल्ह्यात होती. पन्नासचं दशक नुकतं कुठे रांगायला लागलं होतं. स्वातंत्र्य आमच्या कोसंबी गावापर्यंत पोचलं होतं, रस्ता अजून यायचा होता. मी वर्ध्याकडची. वैशाखात लग्न होऊन कापसाच्या मुलखातून धानाच्या मुलखात आले आणि पावसाळाभर चिखल काय असतो ते शिकले. मग पहिला हिवाळा आला. बांध्यांतलं, म्हणजे भाताच्या खाचरांतलं, धान कापून झालं होतं. धसकटांमधून लाखोळी डाळीची हिरवी पालवी वर येत होती. खळ्यावर बैल गोल फिरत, आणि सकाळचं धुकं जंगलातून उतरून थेट आमच्या गोठ्यापर्यंत येई, जणू त्यालाही दूध हवं होतं. घराघरांतून नव्या तांदळाच्या पेजेचा वास येई. त्या वासात एक दुसरा वासही मिसळलेला असे, करंजीच्या बियांच्या तेलाचा, कडू आणि जाड. तो आमच्याच अंगणातून येई.

करंजीचं तेल होतं जिजीचं. जिजी म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परतली आणि आसपासच्या जंगलातल्या साऱ्या गावांची बाळंतपणं करू लागली. अंगाने काटकुळी, आवाजाने हवालदार. गावातल्या निम्म्या लोकांना तिने जन्मतःच उलटं धरून पाठीत चापट मारलेली, त्यामुळे कितीही मोठा माणूस समोर येऊन बसला तरी तिच्या नजरेला तो उघडाच दिसे. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामाजींना, सारा गाव मान देई. जिजी त्यांना अजून "नाक पूस" म्हणे.

पुढे गुडघ्यांनी जिजीला दगा दिला, तेव्हा सुभेदार आला. बाजारोबाजार कापड विकत हिंडणाऱ्या एका व्यापाऱ्याची बायको जिजीने मरणाच्या दारातून ओढून आणली होती. त्याने आपलं तट्टू, म्हणजे हा सुभेदार, तिला देऊन टाकलं. चारही पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा, म्हणजे पंचकल्याणी. असा घोडा शुभ मानतात, म्हणून लग्नसराईत नवरदेवाचे बाप त्याला मागायला येत. जिजी देत नसे. म्हणे, "नवरदेव उद्याही जाईन. बाळंतीण उद्यापर्यंत थांबन का?"

सुभेदार स्वभावाने संत होता. पाठीवर कुणीही बसा, पोटाखालून मांजरी जाऊ द्या, कोंबड्यांना त्याच्या चाऱ्यात अंडी घालू द्या, तो काही म्हणत नसे. मात्र पायाला हात लावायचा नाही. गुडघ्याच्या खाली एक अदृश्य सरहद्द होती. ती ओलांडली की संतांचा एकदम फौजी होई.

त्या वर्षी पाऊस लांबला. जिजीबरोबर चिखल तुडवून तुडवून सुभेदाराच्या पायांना चिखल्या झाल्या. माणसांना बोटांच्या बेचक्यात होतात तशा. फक्त याच्या खुरांच्या वर. पांढऱ्या केसांखालची कातडी गुलाबी आणि नाजूक असते, ती आधी कुजते. त्यावर थंडीची लोकर चढली. आता केस लांब, केसांत चिखलाच्या गाठी, गाठींखाली गोचीड आणि त्याखाली जखमा. धान कापायला आलं तोवर तो मागचा पाय टेकवेनासा झाला. जिजी बांबूला नरोटी बांधून लांबूनच पायांवर करंजीचं तेल ओती. तेल केसांवरून ओघळून जमिनीला लागे. आमच्या अंगणाला त्या हिवाळ्यात एकही चिखली झाली नाही.

हसण्यासारखं होतं, पण पलीकडे झरी नावाचं गाव होतं आणि झरीत रुखमा होती. रुखमाची आधीची दोन बाळं राहिली नव्हती. दोन्ही वेळा जिजी पोचायच्या आत सगळं उरकलं होतं, दुसऱ्याच कुणाच्या हातांनी. या खेपेला पौषात तिचे दिवस भरणार होते आणि जिजीने शब्द दिला होता की, यंदा मीच येईन. झरीची वाट जंगलातून. मध्ये धोंड्यांचा नाला आणि चढ. बैलगाडी तिथे जाऊ शकत नाही. जिजीचे गुडघे त्याहून नाही. म्हणजे केस निघाले तर औषध कातडीला लागणार, औषध लागलं तर पाय बरे होणार, पाय बरे झाले तर जिजी पोचणार. एक जन्म चार खुरांवरच्या केसांत अडकून बसला होता.

चार तरण्या गड्यांनी खाटेची डोली करून नेतो म्हटलं. जिजी त्यांच्यावर उखडली. "मी अजून मेली नाई. चौघाच्या खांद्यावर काऊन जाऊ?"

मग गोमाजीला बोलावणं गेलं. गोमाजी आमच्या गावचा न्हावी. त्याच्याकडे नागपूरहून आणलेली केस कापायची मशीन होती, पंचक्रोशीत पहिली. ती तो तान्ह्या बाळासारखी फडक्यात गुंडाळून ठेवी. कामाचं ऐकून तो ओसरीच्या पायरीवर बसला आणि काखेतली हत्यारांची धोपटी आणखी जवळ ओढली.

"जिजी, तुमचा शब्द मोडत नाई मी," तो म्हणाला. "पन घोड्याले लावलेली मशीन मंग मानसाच्या डोक्याले कोन लावू देईन?"

"पान्यात उकळून घे."

"मशीन उकळतो. लोकाईचं मन कायच्यात उकळू?"

हा प्रश्न खरा होता. जनावराला लागलेलं हत्यार माणसाच्या डोक्याला लागत नाही, ही रीत गोमाजीच्या आजापासूनची. जिजीने क्षणभर विचार केला आणि तोडगा काढला. घोड्यानंतरचं पहिलं डोकं मामाजींचं. भर अंगणात, सगळ्यांसमोर. मामाजींनी डोकं पुढे केलं की बोलायला उरतो कोण? मामाजी तेव्हा खळ्यावर होते. त्यांच्या डोक्याचा सौदा झाल्याचं त्यांना जेवताना कळलं. त्यांनी पानातलं वरण संपवलं, हात धुतला आणि एवढंच म्हणाले की, निदान मिशीला हात लावू नका.

दुसऱ्या दिवशी गोमाजीने सुभेदाराच्या पायाशी बसून धोपटी उघडली. एवढ्यावर पहिला प्रयोग संपला. धोपटी उडून भाताच्या तणसाच्या ढिगावर जाऊन बसली. आरसा फुटला नव्हता; गोमाजीने त्यात आधी आपला चेहरा नीट पाहून घेतला, जागेवर आहे ना म्हणून.

मग सगळ्या गावाला घोड्यातलं कळायला लागलं. एकाने वरच्या ओठाला दोरीचा पीळ द्यायला सांगितलं. दिला. सुभेदाराने ओठ दिला आणि पाय आपल्याकडेच ठेवले. दुसऱ्याचं म्हणणं, दोर लावून त्याला आडवा पाडा. जिजी म्हणाली, "पाडाले तो झाड हाये का?" म्हाताऱ्या घोड्याला पाडला तर मोडेल, हे तिला दिसत होतं. तिसऱ्याने अफू सुचवली, पण ती आणायला जो जाईल तो परत कधी येईल याची खात्री कुणी देईना.

शेवटी शेजारच्या पार्बताबाईंनी तोंड उघडलं. त्या बोरं निवडत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "घरात पायाळू सून हाये, अन् हे दोर शोधून राह्यले."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

मी पायाळू. म्हणजे या जगात मी डोक्याने नाही, पायांनी आले. अशा माणसाचा पाय लागला की कमरेतली चमक निघते, यावर आपल्या लोकांचा विश्वास आहे. पायाळूवर वीज पडते, यावरही आहे. त्यामुळे माझं सासरचं पहिलं वर्ष मोठं रंगीत गेलं. भातरोवणीच्या दिवसांत ढग गडगडला की माझ्या बांधीतल्या बाया हळूच दुसऱ्या बांधीत सरकत. आणि आभाळ मोकळं झालं की त्यांचेच सासरे कंबर धरून आमच्या उंबऱ्यावर पालथे पडत. मी डोक्यावरचा पदर सांभाळत त्यांच्या पाठीवर पाय ठेवी, आणि लगेच वाकून त्यांच्याच पायांना हात लावी. आधी लाथ, मग नमस्कार. सुनेला इतकं सुख दुसऱ्या कुठल्या गावात मिळालं असेल, असं मला वाटत नाही. आजही शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक महिन्यातून एकदा आमच्या दिवाणखान्यात पालथे पडतात. विज्ञान शिकवायचे ते.

तर गावाचा हिशोब साधा होता. माणसाची पाठ दुखते, म्हणून पायाळूचा पाय पाठीला. घोड्याचे पाय दुखतात, म्हणून पायाळूचा पाय पायाला. वाद एवढाच झाला की उजवा लावायचा की डावा. जन्मताना माझा कोणता पाय आधी बाहेर आला, हे मला विचारण्यात आलं. मी म्हटलं, तेव्हा माझं लक्ष नव्हतं.

डोक्यावरून पदर, नऊवारीचा काष्टा घट्ट, एक हात सुभेदाराच्या आयाळीत, अशी मी उभी राहिले. माणसं मागे सरली. गोमाजी धोपटी पोटाशी धरून सगळ्यांच्या मागे. मी उजवा पाय उचलला आणि तळवा त्याच्या पुढच्या पायावर टेकवला, गुडघ्याच्या जरा खाली, सरहद्दीच्या पलीकडे.

काहीच झालं नाही.

सुभेदाराने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. पाव्हण्याने चुकून दुसऱ्याच्या पानातलं उचलावं आणि आपण सभ्यपणे काही म्हणू नये, तशी ती नजर होती. मी तळवा हळूहळू खाली नेला. चिखलाच्या गाठी पायाला टोचत होत्या. त्याने नाकातून लांब श्वास सोडला. पार्बताबाईंनी कुणाला तरी नारळ आणायला पिटाळलं.

यशाने माणूस बिघडतो. लोक पांगल्यावर मी ऐटीत खाली वाकून त्याच्या पायाला हात घातला. पुढचा क्षण मी तणसाच्या ढिगाला पाठ लावून काढला. थोड्या वेळाने पुन्हा पाय लावला, शांत. हात नेला, कान मागे. मी तिथेच बसून राहिले आणि आधी माझ्या हाताकडे, मग पायाकडे पाहिलं. दोघांत फरक कितीसा? पायाला मूठ नसते, एवढाच.

जिजीला सांगितलं. ती ओसरीवर गुडघ्यांना शेक देत बसली होती. तिने आपला हात समोर धरला, मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली. बाळंतिणींच्या आणि बाळांच्या अंगावरून आयुष्यभर फिरलेला तो हात ती पहिल्यांदाच पाहत असावी तशी पाहत राहिली.

"त्याले धरन्याचं भेव हाये," ती म्हणाली. "लागन्याचं नाई." मग जरा थांबून, "गावाले नको सांगू, सूनबाई. त्याईले पायाळूच राहू दे. सल्ले देनाऱ्याईची गर्दी कमी होते."

त्यानंतरच्या सकाळी मला अजून अंगावर आठवतात. सडा घालून झाला की मी गोठ्यात जाई. जमीन बर्फासारखी, पायाच्या भेगांत थंडी शिरे, आणि सुभेदाराचा पाय मात्र कोमट. आधी तळवा. मग काही दिवसांनी हाताची पालथी बाजू. मग उघडा पंजा, बोटं न मिटता. तो कोंडा खाई तेव्हा गोमाजी शेजारी बसून मशीन नुसतीच हवेत चालवी, कुरकुर कुरकुर, म्हणजे तो आवाज आणि कोंडा यांची सोयरीक जमावी. गोमाजी तक्रार करी की आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाईक जेवतंय आणि न्हावी उपाशी आहे. पण येत राहिला. येताना दारात एकदा "पायाळू उठली का?" असं विचारी, आणि मी उठलेली असले तरच आत पाऊल टाकी.

एका दुपारी, ऊन अंगणात पसरलेलं असताना, त्याने पहिल्या पायाला मशीन लावली. मी पलीकडच्या पायावर पंजा ठेवून होते. जिजी तोंडाशी. केस निघत होते ते केसांसारखे नाहीतच, भिजलेल्या घोंगडीच्या तुकड्यांसारखे. चिखल, रक्त, गोचीड, आणि एक आंबूस वास. मशीन मध्येच अडे, गोमाजी दात पुसून पुन्हा सुरू करी. त्याचा दुसरा हात मी शिकवला तसा उघडा, पोळी वाढायला पुढे केल्यासारखा.

केस गेले तशी कातडी दिसू लागली. जखमा दिसणार हे ठाऊक होतं. त्यांच्या वर, खुरापासून चार बोटांवर, एक गोल वळ दिसला. बांगडीसारखा, पायाला पूर्ण वेढा घातलेला, जुना, गुळगुळीत, केस न उगवणारा. दुसऱ्या पायालाही तसाच. बाजाराच्या गावी चरायला सोडताना तो कापडवाला त्याचे पुढचे पाय एकत्र बांधत असणार, दोराने नाही तर तारेने. इतकी वर्षं तो वळ पांढऱ्या, शुभ केसांखाली राहिला होता.

जिजीने वाकून त्यावर एक बोट फिरवलं. सुभेदाराने पाय उचलला नाही.

"म्हनून," जिजी म्हणाली. बस, एवढंच.

संध्याकाळच्या आत चारी पाय झाले. घोड्याचं ध्यान मात्र पाहण्यासारखं होतं. वर थंडीची लोकर, खाली गुलाबी काटक्या. मिशी काढलेल्या पाटलासारखा तो अंगणात ओशाळून उभा होता. मग उकळत्या निंबाच्या पाण्यातून मशीन निघाली आणि मामाजी पाटावर बसले. त्यांनी डोळे मिटले होते. पार्बताबाई म्हणाल्या की घोड्याने कमी त्रास दिला. मामाजींच्या मागून आणखी दोघे बसले, आणि लोकांचं मन तेव्हा कुठे उकळून निघालं.

नाही म्हटलं तरी त्या हिवाळ्याला एक मुदत होती. तेलाने आणि हळदीने जखमा कोरड्या झाल्या, खपल्या धरल्या, गुलाबीवर मखमलीसारखे नवे केस फुटले. दुसरीकडे रुखमाचे दिवसही पुढे सरकत होते. आम्ही दोन्ही गोष्टींकडे एकाच वेळी पाहत असू, जशी बाई एका चुलीवरच्या दोन भांड्यांकडे पाहते. जिजी रोज सुभेदाराला अंगणात एक फेरी चालवी आणि झरीच्या दिशेला एकदा पाहून घेई.

रुखमाने पौषाची वाट पाहिली नाही. एका सकाळी झरीचा माणूस धापा टाकत आला. पहाटेपासून कळा लागल्या होत्या. सुभेदार अजून जरासा लंगडत होता. जिजीने त्याच्या पायांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "चाल." मी त्याच्या तोंडाशी धरून निघाले, कारण आता त्याला माझी सवय होती.

जंगलात सागाची पानं दवाने जड झाली होती आणि आपोआप गळत होती. प्रत्येक पान पडताना कुणीतरी मागून चालल्यासारखं वाटे. नाल्याशी सुभेदार थांबला. पाणी गार, धोंडे निसरडे, आणि पाय उघडे. मी ओढलं नाही. जिजीने टाच मारली नाही. तो थोडा वेळ पाण्याकडे पाहत राहिला, मग आपणहून उतरला. चढावर जिजीने त्याच्या मानेवर हात ठेवला होता, उघडा.

झरीला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. रुखमाच्या अंगणात माणसं बसली होती, बाया एका बाजूला, गडी एका बाजूला. घराच्या छपरातून धूर निघत नव्हता. मी पाहिलं आणि माझे पाय तिथेच थांबले.

रुखमाची सासू उठून पुढे आली. बाळ सकाळीच झालं होतं, त्यांच्या माणसाने आमचं दार गाठलं तेव्हाच. पोरगा. जिवंत होता. आईच्या पोटावर ठेवून गोधडीने झाकला होता.

"नाळ?" जिजीने घोड्यावरूनच विचारलं.

"कापली नाई," सासू म्हणाली. "दोन डाव दुसऱ्याईनं कापली. ह्या डावी तुम्ही येनार होत्या ना."

जिजी सुभेदारावरून कुणाचा हात न घेता उतरली. गुडघे कसे वाकले, कोण जाणे. हात धुवायला पाणी मागितलं आणि आत गेली. दार ओढलं गेलं.

मी लगाम धरून अंगणात उभी राहिले. भिंतीला टेकून बाळाचा आजा बसला होता. नाळ कापली जाईपर्यंत घरातली चूल पेटवायची नाही, अशी त्यांची रीत. सगळं घर सकाळपासून उपाशी होतं. म्हाताऱ्याने माझ्या घोड्याच्या पायांकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "याचे केस काऊन काढले, बाई?" मी सांगितलं. पावसाळ्यापासून सगळं सांगितलं, चिखल्या, मशीन, तारेचा वळ. त्याने मध्ये एकदाही विचारलं नाही. दुसरं काही करायला नव्हतं म्हणून असेल, पण इतकं नीट ऐकणारा माणूस मला पुढे क्वचितच भेटला.

माझं सांगून व्हायच्या आत आतून रडणं आलं. मोठं, रागावलेलं, आणि त्याच्यावर जिजीचा आवाज. ती त्याला दमात घेत होती की इतकी घाई कायची होती तुले.

म्हातारा उठला. धोतराची माती झटकली आणि बायांकडे वळून म्हणाला,

"झाला वेगळा. पेटवा आता चूल."